उचल घेण्यापूर्वी

धाराशिव जिल्ह्यातील बौद्ध बंधू-भगिनींनो, आज एका अप्रिय विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. आपल्या वस्त्यांतून आता फिटर आहेत, वेल्डर आहेत, टर्नर आहेत, वीजतंत्री आहेत, बॉयलरवर उभे राहणारे आहेत, साखर कारखान्यात पॅनवर काम करणारे आहेत. ज्यांच्या आजोबांच्या हाती गावकामाची काठी होती, त्यांच्या हाती पाना आणि पक्कड आली. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हे हात जेव्हा रिकामे होतात, कारखाना बंद पडतो, ठेकेदार हजेरीपटावरून नाव काढून टाकतो, तेव्हा काय होते? तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. चार-सहा महिने उसनवारीवर निघतात, किराणा दुकानदार उधारी थांबवतो, आणि दसऱ्याच्या सुमारास मुकादम दारात येऊन उभा राहतो. त्याच्या हातात नोटा असतात. त्यालाच आपल्याकडे उचल म्हणतात.

ही उचल हाच आजच्या लेखाचा विषय आहे. काम जाणे हे संकट खरेच. पण काम गेल्यानंतर कारागिराने पहिले पाऊल कोणत्या दिशेने टाकावे, ह्यावर त्याच्या पुढच्या पिढीचे भवितव्य ठरते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. काम केल्यावर ज्याचा दाम हाती पडतो असे कोणतेही प्रामाणिक काम कारागिराने बेलाशक करावे. मात्र काम करण्याआधीच ज्याचा दाम घेतला जातो, ते काम त्याने शक्य तोवर स्वीकारू नये. तसेच उचल घेण्यापूर्वी त्याने चार गोष्टी करून पाहाव्यात. त्या कोणत्या, हे पुढे क्रमाने सांगू.

प्रथम उचलीचे स्वरूप नीट समजून घ्या. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या कोयत्याला ठोक रक्कम दिली जाते. मग कुटुंब कळंब, वाशी, भूम, परंडा सोडून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने उसाच्या फडात राहते. तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी धरली जाते आणि ती उचलीतून वजा होत जाते. आजारपण आले, पाऊस पडला, कारखाना मध्येच थांबला, तर फेड पूर्ण होत नाही. जी बाकी उरते ती पुढच्या हंगामावर चढते. लेकरे आईबापांबरोबर फडावर जातात आणि शाळेच्या पटावर त्यांची नुसती नावे उरतात. ऊस तोडणारा आपला भाऊ कमी प्रतीचा आहे, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. त्याच्या कष्टावर हा सारा साखरधंदा उभा आहे. दोष कष्टात नाही. आधी पैसा देऊन माणूस बांधून घेण्याच्या रीतीत आहे. कर्जापोटी माणसाला कामावरून हलू न देणे, दुसरीकडे जाऊ न देणे, ह्याला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविले आहे. कायद्याने ज्यास वेठबिगार म्हटले, ती पुष्कळदा उचलीच्या वाटेनेच घरात शिरते.

आता ह्या गोष्टीचा आपल्या इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी ह्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती, आणि तिला स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. वतनाचा प्रश्न काय होता? थोडी जमीन आणि थोडे बलुते आधी देऊन ठेवावयाचे, आणि त्याच्या मोबदल्यात केव्हाही, कितीही आणि कसलेही काम मागावयाचे. कामाचे तास ठरलेले नाहीत, दाम ठरलेला नाही, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही गाठ सोडविण्यासाठीच. आपल्या कष्टाची किंमत ठरविण्याचा आणि ते नाकारण्याचा हक्क माणसाला असला पाहिजे, हा त्या झगड्याचा गाभा होता. वतन गेले. पण उचलीची रीत पाहिली म्हणजे त्याच जुन्या गाठीचा नवा पीळ डोळ्यांपुढे येतो. वडिलांनी जी गाठ सोडविली ती मुलाने अडचणीच्या एका आठवड्यात पुन्हा मारून घ्यावी, ह्यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

कसबाच्या बाबतीतही असेच आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या लोकांना कामे मिळत, पण अधिक पगाराच्या विणकाम खात्याचे दार बंद असे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. म्हणजे आपण अडाणी म्हणून कुशल कामापासून दूर होतो असे नाही. आपल्याला दूर ठेवण्यात आले होते. पुढे १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांच्या खात्याने कारागिरांना तांत्रिक शिक्षण देण्याच्या योजना राबविल्या, कामधंदा मिळवून देणारी कचेरी देशभर उभारण्यास आरंभ केला, आणि १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणला. आज आपल्या मुलाच्या हातात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे जोडारी, कातारी, संधाता किंवा तारतंत्री ह्या व्यवसायाचे जे प्रमाणपत्र असते, त्याच्यामागे एवढा मोठा इतिहास आहे. कारखाना बंद पडला म्हणून ते चुलीवरच्या फळीवर टाकून देण्याजोगे नाही.

तर मग कारखाने बंद का पडतात? ह्याचे उत्तर कारागिराने स्वतःपुरते तरी स्पष्ट करून घेतले पाहिजे. कारण पुष्कळजण मनातून स्वतःलाच दोष देत बसतात. कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी ग्रहांना, कोणी धर्म बदलला म्हणून असे झाले अशी शेजाऱ्याची कुजबूजही खरी मानतो. वाचकहो, कारणे शोधावयाची ती जेथे असतात तेथे शोधावीत. ढोकीचा तेरणा साखर कारखाना आणि नळदुर्गचा तुळजाभवानी साखर कारखाना हे दोन्ही सहकारी कारखाने वर्षानुवर्षे बंद राहिले. जिल्हा मध्यवर्ती बँकेची कर्जे त्यांच्याकडे थकली, कामगारांची देणी लोंबकळत पडली, आणि शेवटी कारखाने भाड्याने चालवावयास देण्याची वेळ आली. त्यात अवर्षण होते, कर्जाचे ओझे होते, कारभाराचा प्रश्न होता. मिल हाऊसमधल्या फिटरने बेअरिंग नीट बसविले नाही म्हणून कोठलाही कारखाना बंद पडलेला नाही.

शेजारच्या सोलापूरकडे पाहा. १८७७ साली उभी राहिलेली, 'जुनी मिल' म्हणून सर्वांना ठाऊक असलेली गिरणी गेल्या शतकाच्या साठच्या दशकात बंद झाली. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतले कितीतरी पुन्हा गिरणीच्या दारात जाऊ शकले नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या अडीच लाखांमध्ये साचावाले होते, जॉबर होते, वीस-वीस वर्षांचे कुशल हात होते. त्या सर्वांचे एकाच वर्षी नशीब फिरले काय? धंद्याची गणिते बदलली, मालकांना कापडापेक्षा जमिनीत अधिक पैसा दिसला, आणि त्याचा भार कामगारांच्या घरांवर पडला. आपल्या धम्मात कारणाशिवाय काही घडत नाही अशी शिकवण आहे. ती पौर्णिमेच्या वंदनेपुरती ठेवावयाची नसून अशा प्रसंगी वापरावयाची आहे. ज्याला कारण कळले त्याची लाज कमी होते, आणि लाज कमी झाली म्हणजे माणूस घराबाहेर पडतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. "पोटात आग पडलेली असताना तुम्ही हक्काच्या गोष्टी सांगता. मुकादम रोख पैसे देतो. तुमचा कायदा काय देतो?" हा प्रश्न विचारणाऱ्या माउलीला आम्ही उपदेश करणार नाही. जिच्या घरी पीठ नाही, तिने पीठ आधी आणावे. रोजंदारीवर जावे, बांधकामावर जावे, रोजगार हमीच्या कामाची मागणी करावी. कुशल वेल्डरने चार महिने विटा उचलल्या म्हणून त्याचे वेल्डिंग विसरले जात नाही. परंतु रोजंदारीचा माणूस आठवड्याने मजुरी घेऊन मोकळा असतो. उद्या दुसरीकडे चांगले काम निघाले तर तो जाऊ शकतो. उचल घेतलेला माणूस जाऊ शकत नाही. ढोकीचा असो वा दुसरा, कारखाना पुन्हा सुरू झाला, जुन्या माणसांना बोलावणे आले, आणि आमचा फिटर तेव्हा दोनशे मैलांवरच्या फडात मुकादमाच्या वहीत अडकलेला असला, तर त्याची जागा दुसरा घेईल. उचलीची खरी किंमत ही आहे, आणि ती कोणाच्याही वहीत लिहिलेली नसते.

कायदा काय देतो, ह्याचेही उत्तर द्यावयास हवे. पहिली गोष्ट तीच: आपले येणे मागा.

कामगार कपातीचा जुना कायदा १९४७ चा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आहे. पूर्वी शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपात किंवा बंदी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे. नव्या संहितेत ही मर्यादा तीनशेवर गेली. आमच्या मते हे कामगाराच्या हिताचे झाले नाही. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक वर्कशॉप आणि लहान कारखाने तर आधीही ह्या मर्यादेच्या आत होते. म्हणून जे हक्क शिल्लक आहेत त्यांची माहिती अधिकच आवश्यक आहे.

एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कमी करावयाचे तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन नुकसानभरपाई म्हणून द्यावे लागते. सलग वर्ष म्हणजे बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवसांचे काम. कमी करताना सामान्यतः जो शेवटी आला त्याला आधी काढावयाचे असते. क्रम मोडला तर मालकाने कारण नोंदविले पाहिजे. कपातीनंतर एका वर्षाच्या आत पुन्हा माणसे घ्यावयाची झाली तर काढलेल्यांना पहिली संधी द्यावी लागते. कपात झालेल्या कामगारासाठी शेवटच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरणे मालकाला बंधनकारक केले असून ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची असते. वेतन संहितेप्रमाणे कामावरून कमी केल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे. आणि हे विसरू नका: कमी केल्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे थेट दाद मागावयाची ती दोन वर्षांच्या आत. 'मालक बोलावतील' ह्या आशेवर तीन वर्षे बसलेल्याचा हक्क बसल्या जागी मरतो.

उपदान, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, ते ह्याहून वेगळे आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सेवा झाली की प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन मिळते, आणि ते काढताना महिन्याचे दिवस सव्वीस धरतात. उदाहरणार्थ, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून अठरा हजार रुपये घेणाऱ्या आणि बारा वर्षे नोकरी झालेल्या टर्नरचे उपदान सुमारे एक लाख चोवीस हजार रुपये होते. साखर कारखान्यातील हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामासाठी सात दिवसांचे वेतन मिळते. त्याच पगारावर बारा हंगामांचे सुमारे अठ्ठावन्न हजार रुपये होतात. मुकादमापुढे हात पसरण्यापूर्वी हे स्वतःचे पैसे आपण लेखी अर्ज करून मागितले काय? पुष्कळांनी मागितलेले नसतात. कारण कोणी सांगितलेले नसते, किंवा साहेबाची भीड वाटते. स्वतःच्या कष्टाचे पैसे मागण्यात भीड कसली?

भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचे पासबुक आजच काढून पाहा. पगारातून कापलेली रक्कम खरोखर भरली गेली आहे काय, हे नोकरी असतानाच पाहावयाचे असते. त्यातील निवृत्तिवेतनाची सेवा दहा वर्षांची झाली असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. दहा वर्षे झाली नसतील तर घाईने ते पैसे काढू नयेत; योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवावे, म्हणजे पुढच्या नोकरीची वर्षे त्यात मिळविता येतात. जे ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत त्यांनीही निराश होऊ नये. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. मात्र काम तेथे केले ह्याचा पुरावा पाहिजे: गेटपास, हजेरीकार्ड, बँकेच्या पुस्तकातील नोंद, पगाराची चिठ्ठी. हे कागद ट्रंकेत एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी घरातील बाईच्या ताब्यात द्या. ती सहसा हरवत नाही.

वकिलाला पैसे कोठून आणावयाचे, हाही प्रश्न उरत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि औद्योगिक कामगारालाही मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. बौद्ध झाल्याने हा अधिकार जातो, अशी भीती काही नवदीक्षित कुटुंबांना घातली जाते. ती निराधार आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात स्पष्ट समावेश झाला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जा, आणि सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

दुसरी गोष्ट: आपले कसब आपल्या नावावर लिहून घ्या.

कारागिराची खरी कमाई त्याच्या हातात असते हे खरे. पण अनोळखी कारखान्याच्या फाटकावर हात कोणी वाचत नाही, कागद वाचतात. बॉयलर अटेंडंटचे उदाहरण घ्या. त्याला बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळते, आणि ते त्याच्या स्वतःच्या नावाने असते. म्हणून ढोकीचा बॉयलर थंड झाला तरी तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातील डिस्टिलरीत, दूध डेअरीत, औषधाच्या कारखान्यात उभा राहू शकतो. तारतंत्र्याच्या परवान्याचेही तसेच आहे. उलट पॅनमनची स्थिती पाहा. पॅनमधला पाक काचेच्या तुकड्यावर घेऊन, बोटांनी चोळून, दाणा किती धरला हे तो सांगतो. ही विद्या कोणत्याही संस्थेत दोन महिन्यांत येत नाही. परंतु त्याच्याजवळ तिचा कागद नसतो, आणि तो अनेकदा 'मदतनीस' म्हणूनच पटावर असतो. त्याने निदान अनुभवाचा दाखला, पदाचे नाव व वर्षे स्पष्ट लिहून, कारखाना सुरू असतानाच मागून घ्यावा. बंद कारखान्याच्या कचेरीत सही करावयास कोणी सापडत नाही.

ज्यांनी संस्थेत न शिकता वर्कशॉपमध्येच काम आत्मसात केले, त्यांच्यासाठी पूर्वानुभवाला मान्यता देऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत केलेली आहे. जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन तिची चौकशी करावी. पस्तिशीच्या गृहस्थाने मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर परीक्षेला बसावे ह्यात कमीपणा काही नाही. शिका असे ज्यांना सांगितले गेले, त्यांच्यासाठी वयाची मर्यादा घातलेली नव्हती.

तिसरी गोष्ट: कसब कोठे चालते ह्याचा विचार कारखान्याच्या नावाने करू नये, कामाच्या जातीने करावा.

"मी तेरणेचा फिटर" असे म्हणणारा तेरणा बंद होताच निराधार होतो. "मी पंप, गिअरबॉक्स आणि बेअरिंगचे काम करतो" असे म्हणणाऱ्याला दहा दारे दिसतात. ह्याच जिल्ह्यात कळंब तालुक्यातील रांजणीचा नॅचरल शुगर कारखाना आहे, गूळ पावडरीचे कारखाने आहेत. भूम-वाशीच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. शेतात सौर पंप बसत आहेत, आणि ते बिघडले म्हणजे शेतकरी दिवसेंदिवस माणसाची वाट पाहतो. लातूरजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. हे सर्व सहज मिळेल असे आम्ही म्हणत नाही. तेथेही ठेकेदार आहेत, ओळखी लागतात, जात विचारली जाते. परंतु अर्जच न केलेल्या माणसाला नाकारण्याचे श्रमही कोणाला घ्यावे लागत नाहीत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: एकट्याने हे होत नाही, म्हणून मिळून करावे.

ह्यासाठी थोडे दूर, केरळात पाहू. वटकरा गावाजवळ वाग्भटानंद ह्या समाजसुधारकाच्या मागे लागलेल्या मजुरांना तेथल्या जमीनदारांनी काम देणे बंद केले. सुधारणेची बाजू घेतली म्हणून पोटावर पाय आला. हा अनुभव आपणास परका नाही. तेव्हा १९२५ साली चौदा मजुरांनी मिळून एक सहकारी संस्था काढली आणि रस्त्यांची, बांधकामाची कामे स्वतःच घेऊ लागले. उराळुंगल मजूर सहकारी संस्था ह्या नावाने ती आजही चालू आहे. शंभर वर्षांत ती वाढत जाऊन हजारो कामगारांना काम देणारी झाली. ज्यांना काम नाकारले गेले त्यांनी काम देणारी संस्था उभी केली. आरंभी त्यांच्याजवळ भांडवल थोडे होते. हिशेब चोख ठेवण्याची आणि मजुरी वेळेवर वाटण्याची शिस्त मात्र होती.

आपल्याकडे मजूर सहकारी संस्था कमी नाहीत. पण त्यांतल्या कित्येक कागदावरच्या असून त्यांच्या आड ठेकेदारच उभा असतो. तशी आणखी एक नको. एका तालुक्यातील एक फिटर, एक वेल्डर, एक वीजतंत्री आणि एक पंप-मोटार दुरुस्त करणारा, असे पाच-सात जण एकत्र आले तरी आरंभ होतो. एकाचे वेल्डिंग यंत्र, दुसऱ्याचा ग्राइंडर, तिसऱ्याची मोटारसायकल, आणि सर्वांची मिळून एक हिशेबाची वही. महिन्याच्या महिन्यास ती वही सर्वांपुढे उघडी झाली पाहिजे. पुढे भांडवल लागल्यास अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे जाता येते. पण कर्ज हे कामाच्या मागून यावे. आधी कर्ज आणि मग काम, हा क्रम धरला तर आपण उचलीच्याच दुसऱ्या दारात जाऊन उभे राहू.

येथे विहार समित्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपण जयंतीला वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो, ते योग्यच आहे. त्या वर्गणीतील चौथा हिस्सा बाजूला ठेवून प्रत्येक विहारात 'हंगामापूर्वीचा निधी' का असू नये? काम गेलेल्या घराला दोन-तीन महिन्यांचे धान्य आणि मुलांची फी एवढेच त्यातून द्यावयाचे, व्याज नाही, आणि काम लागल्यावर सवडीने परत. मुकादमाची सारी शक्ती त्या दोन-तीन महिन्यांत असते. तेवढा काळ एखादे घर तग धरू शकले तर त्या घरातील पोरगी शाळेत राहते, आणि कारागीर आपले कसब घेऊन मोकळा राहतो. विहारातील एका शिकलेल्या तरुणाने दर रविवारी तासभर बसून अर्ज लिहून दिले, पासबुके तपासून दिली, तर ते धम्माचेच काम होईल. सम्यक आजीविका ही आठ अंगांपैकी एक आहे. ती दुसऱ्याच्या घरी सांभाळण्यास मदत करणे हेही आपले कर्तव्य आहे.

शेवटी घरातील कर्त्या पुरुषाला एक विनंती. काम गेल्याची गोष्ट बायकोपासून लपवू नका. आठ दिवस डबा घेऊन बाहेर पडून चौकात बसणारे पुरुष आपण सर्वांनी पाहिले आहेत. मग त्या चौकातून दुसरा रस्ता दारूच्या गुत्त्याकडे जातो. उचल घ्यावयाची की नाही, ह्याचा निर्णय एकट्या पुरुषाचा असूच शकत नाही, कारण त्या उचलीत त्याच्या बायकोचे हातही बांधले जातात. ज्याचे हात बांधले जाणार त्याला विचारले पाहिजे, एवढा न्याय घरातच नसेल तर तो कारखान्यात कोणत्या तोंडाने मागावा?

तेव्हा वाचकहो, दसऱ्यापूर्वी ज्या घरी मुकादम येण्याचा संभव आहे, त्या घरी आपण त्याच्याआधी जावे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये आणि उपदेश घेऊनही जाऊ नये. एक कोरा अर्ज, एक पेन आणि पायलीभर ज्वारी घेऊन जावे. आधी ज्वारी द्यावी, मग अर्ज लिहावा.